डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायचा खेळ पहिल्यांदाच खेळायचंय, कुठली आवृत्ती घेऊ?
सगळेच नवखे असाल तर डोळे झाकून पाचवी घ्या. २०१४ची की २०२४ची सुधारित, यावर डोकं शिणवू नका. डन्जन मास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, जी आहे ती चालवा. तिचे मूळ नियम अधिकृतपणे फुकट मिळतात. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात बोनस जोडा, समोरच्याच्या आर्मर क्लासइतका (म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतका) किंवा जास्त आकडा आला की वार लागला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीआधी आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला असायचा. नवख्यांचा गोंधळ तिथेच उडतो.

पात्र घडवताना तासन्‌तास बारकावे जुळवायची हौस असेल तर ३.५ आवृत्ती घ्या, माझी आजही सर्वांत लाडकी. चौकटींच्या पटावर डावपेच लढवायचे असतील तर चौथी. तिला लोकांनी उगाच नावं ठेवली, लढाई तिच्यात फार रंगते.