अनियतकालिक, लघुनियतकालिक आणि जोडअंक

विचारणा अशी आहे: एका वाङ्मयीन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'वर्ष ९, अंक ७-८, जोडअंक' असं छापलेलं दिसलं, तर कवितांच्या एका जुन्या अंकावर 'अनियतकालिक'. अनियतकालिक म्हणजेच लघुनियतकालिक का? आणि जोडअंक काढणारं मासिक अनियतकालिक ठरतं का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे.

आधी 'नियतकालिक' पाहू. नियत म्हणजे ठरलेला. ठरलेल्या काळाने निघतं ते नियतकालिक, मग तो काळ आठवड्याचा असो की वर्षाचा. 'अनियतकालिक'ची फोड दोन प्रकारे करता येते. 'अ + नियतकालिक' अशी केली, तर 'नियतकालिक नसलेलं' एवढाच अर्थ निघतो, आणि त्यात एखादी कादंबरीसुद्धा बसेल. 'अनियत + कालिक' अशी केली, तर 'काळ ठरलेला नाही, पण अंक मात्र निघतात' हा अर्थ मिळतो. अंकावर हा शब्द छापणाऱ्यांना हाच अर्थ अभिप्रेत असतो. मजकूर जमेल, पैसे जमतील, तेव्हा अंक निघेल, हे वाचकाला आधीच सांगितलेलं असतं. त्यामुळे अशा अंकाची वार्षिक वर्गणी घेता येत नाही. घ्यायचीच तर 'चार अंकांची वर्गणी' अशी, अंकसंख्येवर घ्यावी.

लघुनियतकालिकातला 'लघु' मात्र काळाविषयी बोलतच नाही, आणि पानांविषयीही फारसं नाही. 'लिटल मॅगझिन'साठी रूढ झालेला हा शब्द आहे, आणि तो अंकाची भूमिका सांगतो: प्रस्थापित मासिकांच्या अभिरुचीबाहेरचं लेखन, थोड्या प्रती, स्वतःच्या खिशातला खर्च. मराठीत पन्नासच्या दशकातलं 'शब्द', मग साठच्या दशकातली 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' ही त्यातली ठळक नावं. यांतले काही अंक छापखान्यात न जाता चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल करून, निघाले. ज्या प्रस्थापिताशी हे भांडण होतं त्याचं सर्वांत मोठं नाव 'सत्यकथा' हे मासिक, आणि १९६९ साली तिच्या अंकाची होळीही झाली. बहुतेक लघुनियतकालिकं लवकरच अनियत झाली आणि पुढे थांबली, म्हणून दोन शब्द एकमेकांत मिसळले. पण लहान असूनही नियमित निघणं शक्य असतं. धुळ्याचं 'कविता-रति' १९८५पासून केवळ कवितेला वाहिलेलं द्वैमासिक म्हणून उभं राहिलं. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८८७ साली, जळगावात 'काव्यरत्नावली' हे कवितेचंच मासिक निघालं होतं. अशा अंकांना कुणी सरसकट अनियतकालिक म्हटलं की वाईट वाटतं, कारण तारीख पाळण्यात संपादकाचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

आता जोडअंक. दोन महिन्यांचे दोन क्रमांक एकाच अंकाला देणं म्हणजे जोडअंक. मासिकाचं नियतपण त्याने मोडत नाही, उलट क्रम सांभाळून घेतला जातो. तो काढायची वेळ बहुधा ठरावीक कारणांनी येते. कथा-कविता हातात असतात, पण मुलाखत अडते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन करायला चार-सहा तास सहज जातात, मग मजकूर मुलाखत देणाऱ्याकडे तपासायला जातो आणि तिथे पंधरवडा निघून जातो. कधी जाहिराती कमी पडतात. कधी छापखाना दिवाळीच्या कामात बुडालेला असतो. छपाई १६ पानी फर्म्यांच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) हिशेबाने चालते. ६४ पानं म्हणजे चार फर्मे, ७२ म्हणजे साडेचार. त्यामुळे दोन अपुरे अंक काढण्यापेक्षा एक भरलेला अंक परवडतो: मुखपृष्ठ एकदाच छापायचं, पत्ते एकदाच चिकटवायचे.

टपालाचं गणित मात्र आधी करावं. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरचा, साधारण ए-५ आकाराचा ८० पानी अंक मुखपृष्ठासह शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, १६० पानी जोडअंक दोनशेच्या जवळ जातो, आणि दर वजनाच्या टप्प्यांनी चढतात. शिवाय १८९८च्या टपाल कायद्यात नोंदणीकृत वृत्तपत्राला मिळणाऱ्या टपालदराच्या सवलतीसाठी दोन अंकांमधलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावं, अशी अट होती. द्वैमासिकं आणि त्रैमासिकं त्यात बसतच नव्हती.

चूक होते ती क्रमांकात. मासिकाचं वर्ष जानेवारीत सुरू होत असेल आणि जुलै-ऑगस्टच्या जोडअंकावर नुसतं 'अंक ७' छापलं, तर सप्टेंबरला ८ द्यायचा की ९? ८ दिला तर वर्ष ११ अंकांवर संपतं. ९ दिला तर ग्रंथपालाला आठवा अंक हरवल्यासारखा वाटतो, तो मागणीपत्र पाठवतो आणि बांधणीचा खंड अडवून ठेवतो. पुढे संशोधकाच्या संदर्भातही घोळ होतो. म्हणून दोन्ही महिने आणि दोन्ही आकडे मुखपृष्ठावर, कण्यावर आणि श्रेयनामावलीच्या पानावर सारखेच असावेत: 'जुलै-ऑगस्ट, अंक ७-८'. वर्गणी वर्षाची आहे, बारा स्वतंत्र अंकांची नाही, हेही वर्गणीच्या चौकटीत आधीपासून छापलेलं असावं.

जुलैचा अंक ऑगस्टमध्ये हाती पडला तर तो लांबलेला अंक, जोडअंक नव्हे. दोन अंक एकाच पाकिटात आले तरी ते दोनच.

विशेषांक हा शब्द विषयावरून येतो, क्रमांकावरून नाही. एखाद्या कवीवरचा विशेषांक जोडअंकही असू शकतो. दिवाळी अंकांचं तसंच होतं. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, आणि आज अनेक मासिकं हा अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक म्हणून देतात. फक्त दिवाळीलाच निघणारा अंक वार्षिक असतो, म्हणजे तोही नियतकालिकच.

लेखनाबद्दल थोडं. 'विशेषांक'मध्ये संधी होतो, पण 'जोडअंक' तसाच लिहितात. जोड हा मराठी शब्द आहे, त्यामुळे संधी केलाच पाहिजे असं नाही, जरी 'जोडाक्षर' रुळलेलं असलं तरी. दोन महिन्यांनी निघतं ते द्वैमासिक. महिन्यातून दोनदा निघतं ते पाक्षिक. सहा महिन्यांनी निघणाऱ्याला षाण्मासिक म्हणावं. 'षण्मासिक' असं छापलेलं पुष्कळदा दिसतं, पण पक्षाचं पाक्षिक आणि वर्षाचं वार्षिक होतं, तशीच इथेही पहिल्या स्वराची वृद्धी, म्हणजे 'अ'चा 'आ', हवी.