तीन जण काम देतात, कोणाचं आधी करू?

ताई, मी 21 वर्षांची आहे, ठाण्यात राहते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत करतेय, सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) शोधणाऱ्या टेस्टिंगच्या टीममध्ये. मला ऑटिझम आहे, निदान एकोणिसाव्या वर्षी झालं. ऑफिसात कोणाला माहीत नाही. तीन वेगवेगळे जण मला काम देतात, ‘जमेल तसं बघून घे’ म्हणतात आणि संध्याकाळी विचारतात, झालं का? रात्री अकरापर्यंत घरी बसून काम करते, तरी मागे पडते. परवा एक सीनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तू टीममध्ये मिसळत नाहीस.’ रविवारी अंथरुणातून उठवत नाही. बाबा म्हणतात, सगळ्यांनाच होतं, सवय होईल. इंटर्नशिप सोडू का? आणि ऑफिसात सांगू का?
– एक वाचक, ठाणे

सोडू नकोस. निदान आत्ताच नको. तुला टेस्टिंग जमत नाही असं तुझ्या पत्रात कुठेच दिसत नाही. तुझा सगळा जीव जातोय तो तिघांच्या मनात काय आहे हे ओळखून त्याचा क्रम लावण्यात. आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे ठरवणं इंटर्नचं काम नाही गं, तुला मार्गदर्शन करायला नेमलेल्या मेंटॉरचं आहे. ते त्याच्याकडे परत दे.

कसं द्यायचं ते सांगते. उद्या सकाळी स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या आधी मेंटॉरला चॅटवर असं काहीतरी लिही: ‘सर, आज माझ्याकडे तीन कामं आहेत. लॉगिनच्या टेस्ट केसेस, कालच्या बिल्डमधले बग नोंदवणं आणि डेमोची एक्सेल शीट. तिन्ही आज होणार नाहीत. आधी टेस्ट केसेस संपवते, मग बग. शीट उद्या दुपारी बारापर्यंत देते. क्रम बदलायचा असेल तर सांगा.’ यात तू माफी मागितलेली नाहीस, रडगाणं गायलेलं नाहीस आणि उत्तर द्यायला त्याला अर्धं मिनिट पुरेल. रोज पाठव. दिवसाच्या मध्येच चौथा कोणी काम घेऊन आला, तर ‘करते, फक्त आधीच्या कामांपैकी कोणतं मागे ठेवू ते सरांना विचारून घेते’ एवढंच म्हण. सीनिअर मंडळींना याचा राग येत नाही. राग येतो तो संध्याकाळी सहाला ‘झालं नाही’ ऐकल्यावर.

‘जमेल तसं’ म्हणून आलेलं काम हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारायच्याच: शेवटी नेमकं काय द्यायचंय, केव्हापर्यंत, आणि आधी कोणी केलेला नमुना आहे का. नमुना मागायला अजिबात लाजू नकोस. तुझ्यासारख्या नेमकेपणाने विचार करणाऱ्या माणसाला एक जुनी शीट दहा वाक्यांच्या सूचनेपेक्षा जास्त सांगते.

ऑटिझम असलेल्या अनेकांचं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत खोलवर जातं. तिथून ते उपसून दुसरीकडे लावायचं आणि पुन्हा परत आणायचं, यातच शक्ती खर्च होते. तुझ्या शेजारच्याला चॅटची टिंग वाजली तर दोन सेकंद लागतात, तुझा सगळा धागा तुटतो. म्हणून सकाळचे दोन तास नोटिफिकेशन बंद ठेवायची मुभा मेंटॉरकडून मागून घे, आणि त्यानंतर ठरलेल्या वेळी सगळे मेसेज एकदम बघ. रात्री अकरापर्यंतचं काम मात्र थांबव. तू घरी भरपाई करतेस म्हणून ऑफिसात कोणाला कळतच नाही की काम वाटतानाच चुकतंय.

आता ‘मिसळत नाहीस’बद्दल. सगळ्यांसमोर असं बोलणं चूक होतं, आणि त्याचं तुला वाईट वाटलं यात तुझं काही वावगं नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये एक मुद्दा मांडला, तो मला फार मोलाचा वाटतो: ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो. तुला त्यांचं कळत नाही, तसंच त्यांनाही तुझं कळत नाही. मग सगळी दुरुस्ती तुझ्या एकटीच्या माथी का? रोज कॅन्टीनच्या गोंगाटात बसून हसरा चेहरा ठेवण्याची काहीएक गरज नाही. दिवसभर केलेला हाच अभिनय तुला रविवारी अंथरुणात पाडतोय. डबा एकटीने खा, आणि टीममधल्या ज्या एकीशी किंवा एकाशी बोलणं सोपं जातं, त्याच माणसाबरोबर अधूनमधून चहाला जा. टीमवर्क म्हणजे वेळेवर अपडेट देणं, अडलं तर लगेच सांगणं, दुसऱ्याचा बग नीट तपासून देणं. ते तुला जमतं.

प्रवासही यात धर. ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी अंगावर घेऊन ऐरोलीला उतरेपर्यंत तुझी निम्मी ताकद संपत असणार. अंतर छोटं आहे, मध्ये फक्त दिघा गाव लागतं, पण गर्दी ती गर्दीच. तासभर आधी येऊन तासभर आधी निघू का, असं विचारून बघ. गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे एक सोडून दुसरीसाठी पुढे उभं राहणंही सोपं आहे.

सांगायचं का, हा खरा अवघड प्रश्न. सांगण्याची सक्ती तुझ्यावर नाही. माझं मत विचारशील तर आधी गरज सांग, ऑटिझमचं निदान झालंय हे नंतर. ‘मला सूचना लेखी मिळाल्या तर चुका कमी होतात’, ‘भिंतीकडची जागा आणि हेडफोन चालतील का’ हे निदान न सांगताही मागता येतं, आणि यातल्या कशालाच कंपनीला खर्च नाही. एवढ्याने भागलं नाही, तर एकाच माणसाला सांग, मेंटॉरला किंवा एचआरला, एकांतात, आणि पुढे कोणाला कळलेलं चालेल तेही तिथेच ठरवून घे. टीमच्या ग्रुपवर कधीच नको.

कायदा तुझ्या पाठीशी आहे हे माहीत असू दे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यात स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण तयार करून जाहीर करायचं आहे, ते एचआरकडे मागता येतं. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. ते आत्ता नको वाटलं तरी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज करून ठेव, शिक्षण संपल्यावर उपयोगी पडेल.

बाबांशी वाद घालत बसू नकोस. ज्यांनी तुझं निदान केलं त्या डॉक्टरांची वेळ घे आणि बाबांना सोबत ने. रविवारचं ते पडून राहणं डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं, झोप आणि भूकही बिघडली असेल तर या आठवड्यातच जा.

दोन आठवडे रोजचा मेसेज पाठवूनही मेंटॉर क्रम लावून देत नसेल, तर ते सगळे मेसेज घेऊन एचआरकडे जा. तिथेही काही हाललं नाही, तर कॉलेजच्या इंटर्नशिप समन्वयकांना भेट, इंटर्नशिपसाठी कॉलेजकडून मिळणाऱ्या क्रेडिटचं काय होईल ते लेखी विचारून घे, आणि मगच सोडायचं की नाही ते ठरव. तेव्हा सोडलीस तर मी तुला अडवणार नाही.