आईची दाढ दुखतेय, खासगी दवाखाना परवडत नाही. मुंबईत मोफत उपचार कुठे मिळतील?

तुम्ही लिहिलंय की आई धुणीभांडी करतात, खालची दाढ किडलीय आणि रूट कॅनाल (दाढेच्या आतली नस काढून ती भरणं) आणि कॅप (दाढेवर बसवायचं कवच) यांचा खर्च ऐकून त्या परत आल्या. आता काढूनच टाकायची असं घरात ठरत असेल, तर थांबा. सरकारी दवाखान्यात दात काढून सहज मिळतो, म्हणून गरिबाची वाचण्यासारखी दाढही जाते. अक्कलदाढ असेल तर काढलेली बरी. चावण्याची दाढ मात्र वाचवायचा प्रयत्न कराच.

मुंबईत त्यासाठी दोन जागा आहेत: सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. सुट्टी सोडून कुठल्याही दिवशी सकाळी आठ-साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभं राहा. आधी तपासणी, मग दाढेचा छोटा एक्स-रे. तिथे स्पष्ट विचारा, "दाढ वाचेल का?" वाचणार असेल तर कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दात वाचवण्याच्या विभागात पाठवतात.

काम विद्यार्थी करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात. त्यामुळे वेळ लागतो. खालच्या दाढेत बहुधा तीन, कधी चार कॅनाल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या बारीक नळ्या असतात. तीन-चार खेपा आणि दर खेपेला तास-दोन तास धरून चला. कामाच्या घरी आधीच सांगून ठेवा. विद्यार्थ्याचं नाव आणि पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे दर वेळी नव्याने सुरुवात होत नाही.

सगळंच फुकट असतं असं नाही. तपासणीचं शुल्क नाममात्र असतं, रूट कॅनालचं खासगीच्या मानाने फारच कमी; कॅपचा खर्च वेगळा पडू शकतो, तो सुरुवातीलाच विचारा. आधार आणि रेशनकार्ड, मूळ प्रत आणि झेरॉक्स, जवळ ठेवा. पिवळं कार्ड असेल तर शुल्कमाफी मागा. केशरी असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्याच समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पावती फाडण्याआधी करा. भरलेले पैसे परत मिळणं कठीण.

खरा घोळ पहिल्या खेपेनंतर होतो. आतली नस काढली की ठणका थांबतो आणि माणूस पुढच्या तारखेला जात नाही. वर भरलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत झिरपते, पुन्हा पू होतो आणि मग दाढ काढावीच लागते. कॅप टाळली तरी तेच: पोखरलेली दाढ चावताना उभी चिरते. दातासारख्या रंगाची कॅप परवडत नसेल तर साधी धातूची मागा. मागच्या दाढेला ती मजबूत असते आणि स्वस्तही.

आईंना बीपी, शुगर असेल तर चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. उपाशीपोटी पाठवू नका.

मुंबईबाहेर कुणाला लागलं तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी इथेही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, पण रूट कॅनाल होतं का ते आधी विचारून जा.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या रांगेची वाट पाहू नका. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.