दार अडकतंय, पलंग काळवंडलाय

प्रश्न : पावसाळ्यात बेडरूमचं दार अडकतं आणि सासूबाईंच्या वेळचा सागवानी पलंग पार काळपट पडलाय. दोन्ही घरीच होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : होईल की ताई, पण लगेच रंधा मारू नका हां! आधी वरची बिजागरी बघा, बऱ्याचदा तिचे स्क्रू ढिले होऊन दार खाली उतरतं आणि आपण पावसाला बोल लावतो. स्क्रू नुसताच फिरत असेल तर काढा, भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या गुल तोडून ठासून भरा, रात्रभर वाळू द्या, मग तोच स्क्रू पिळा, घट्ट बसतो. तरी घासलंच तर चौकटीला खडू चोळून दार लावा, दारावर खडू उमटेल तेवढाच भाग घासा आणि उघडं पडलेलं लाकूड पॉलिशनं बंद करा, नाहीतर ते परत ओल धरून फुगणार.

पलंगाला आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरट पडतं, म्हणून पाऊस सरल्यावरच करा, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तर नकोच, हात फिरवेपर्यंत सुकून पट्टे पडतात. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा तेवढा वेळ लांब, स्पिरिट लगेच पेट घेतं.