दक्षिणद्वाराची तारीख कशी धरावी?

प्रश्न : माझी आई सत्तरी ओलांडलेली असून तिचे गुडघे दुखतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळ्याच्या दिवशीच दत्तदर्शन घ्यावे, असे तिच्या मनात आहे. रजा आणि रेल्वेचे आरक्षण आधी करावे लागते. तर कोणता दिवस धरावा?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : या सोहळ्याला तिथी नसते, हीच अडचण आहे. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढत मंदिरात शिरते आणि श्रींच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार होते. आणि ते पाणी केव्हा चढेल हे घाटमाथ्यावरचा पाऊस व धरणांचा विसर्ग ठरवतो. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत मिसळून खाली येते, तर राधानगरी भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावतीवाटे पंचगंगा फुगते. पूर ओसरताना पुन्हा सोहळा होतो, त्यास उतरते दक्षिणद्वार म्हणतात. पाणी फारच चढले तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. २०१९च्या महापुरात तर वाडीलाच पाण्याचा वेढा पडला होता.

आपल्या आईंना त्या दिवशी नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्नानासाठी उसळलेली गर्दी, पाण्याची ओढ आणि गाळाने निसरड्या झालेल्या दगडी पायऱ्या, ज्यांवर धडधाकट माणसाचाही पाय ठरत नाही, हे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारे नाही. (मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत या पायऱ्या दिसत नाहीत.) आपणास स्वतःला सोहळा पाहायचा असल्यास, ज्या पुजाऱ्यांकडे आपण उतरता त्यांना फोन करून पाण्याचा अंदाज घ्यावा आणि एकट्यानेच निघावे.

आईंसाठी दसऱ्यानंतरचे, थंडीचे दिवस उत्तम. गुरुद्वादशी, दत्तजयंती आणि दर महिन्याची पौर्णिमा टाळावी, म्हणजे पादुकांचे दर्शन रांगेत फार न तिष्ठता होईल आणि पालखीही निवांत पाहता येईल. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून पहाटे जयसिंगपूरला उतरावे. तेथून वाडी सुमारे १५ किलोमीटर आहे आणि रिक्षा सहज मिळते. वाडीची बासुंदी तिथेच खावी, मुंबईपर्यंत ती टिकत नाही; घरी न्यायला पेढे आणि कवठाची बर्फी बरी.