अभ्यासिकेतल्या ॲक्सेस पॉइंटला कोणती सिक्युरिटी लावावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे, वरच्या मजल्यासाठी नवा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) आणलाय, सिक्युरिटीच्या रकान्यात सहा पर्याय दिसतायत, त्यातला कोणता घ्यायचा? शिवाय वायफायचं नाव लपवायचं का, आणि मुलांच्या फोनचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नोंदवून घ्यायचे का?

दुकानं, दवाखाने, क्लासेस अशा ठिकाणी मी हीच कामं करतो. पर्यायाचं, म्हणजे वायफायला कुलूप कोणत्या पद्धतीचं लावायचं त्याचं, आधी उरकून टाकू. 'डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3' असा जोडपर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर डब्ल्यूपीए2, आणि त्याखाली एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करायची पद्धत) फक्त एईएस. नुसतं डब्ल्यूपीए3 ठेवलंत तर जुने फोन आणि प्रिंटर जोडलेच जाणार नाहीत. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत 2001 सालीच फुटलीय, तिच्याकडे बघूही नका. फसगत होते ती 'टीकेआयपी + एईएस' अशा मिश्र पर्यायावर; टीकेआयपी ही एईएसच्या आधीची जुनी पद्धत. एका क्लासमध्ये 100 एमबीपीएसचं कनेक्शन असून लॅपटॉपवर जेमतेम 20-22 मिळत होतं. इंटरनेट कंपनीवाल्याशी दोन आठवडे भांडण चाललं होतं आणि चूक या एका रकान्यात होती. टीकेआयपीवर गाडी गेली की वेग 54 एमबीपीएसच्या जुन्या मानकावर अडकतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्माही हाती येत नाही.

नाव लपवू नका. लपवलेलं नाव शोधायला मुलांचे फोनच जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात. मॅक ॲड्रेसची वहीही नको. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन सहसा खरा ॲड्रेस देत नाहीत, बनवलेला देतात. त्यात तो हवेत उघडा फिरतो, म्हणजे ज्याला नक्कल करायची त्याला कोण अडवणार? साठ मुलांची ही नोंद ठेवायला एक कारकून लागेल.

डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय) मात्र आठवणीने बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो खरा, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत काम फत्ते. हे 2011 मध्ये उघडकीला आलं, तरी अजून कित्येक डबे पिन चालू ठेवूनच येतात.

पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर ठेवायची आपल्याकडे फार खोड आहे. डब्ल्यूपीए2 मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा पकडली की पुढचे अंदाज घरी बसून बांधता येतात. दहा आकडी मोबाइल नंबर म्हणजे फार तर 400 कोटी शक्यता, चांगलं ग्राफिक्स कार्ड काही तासांत चाळून काढतं. त्यापेक्षा खलबत्ता, पिंपळ, पंक्चर, उकडीचे असे चार असंबद्ध शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. मर्यादा 63 अक्षरांची आहे, जागा भरपूर.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. साठ जणांना ठाऊक असलेला पासवर्ड हा पासवर्ड राहत नाही. सोडून गेलेला मुलगाही समोरच्या टपरीवर बसून जोडला जातो. दर महिन्याला तो बदला आणि फीच्या पावतीवर नवा लिहून द्या, पैसे थकवणारेही आपोआप सापडतात. कनेक्शन तुमच्या नावावर आहे हे विसरू नका. 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांबद्दलचा दहशतवाद्यांचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात पोहोचले.

डब्याच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. तो मी एकदा 'नंतर बदलू' म्हणून तसाच ठेवला. परीक्षेच्या आठवड्यात एका पोराने आत शिरून बाकी सगळ्यांचा वेग बांधून टाकला, स्वतःचा सोडून. पोरगं हुशार, चूक माझी.

मुलांसाठी गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) करा, क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या फोनना एकमेकांपासून तोडणारी सोय) चालू ठेवा. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) मुख्य नेटवर्कवर राहू द्या. इथे एक मेख आहे. डबा राउटर म्हणून न चालवता नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवला, तर कित्येक मॉडेलांत 'गेस्ट' हे नुसतं दुसरं नाव उरतं, भिंत उभी राहतच नाही.

हे सगळं लॅनची वायर लावून करा, नाहीतर सेव्ह दाबताच तुमचाच फोन बाहेर फेकला जाईल. मग फोन गेस्टवर जोडून ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून बघा. लॉगिनचं पान उघडलं, तर भिंत उभी राहिलेली नाही; खाली राउटर आणि ॲक्सेस पॉइंट या दोन्ही डब्यांचे मॉडेल नंबर लिहा. मग जोडणीच बदलावी लागेल, ती कशी ते सांगतो.