बोटीला काय जमत नाही

ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची चार प्रकरणे आणि सोबतचे पत्र, दोन्ही वाचले. प्रकरणांपेक्षा पत्रानेच मी जास्त अस्वस्थ झालो. कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांनी तुला सांगितले की होडीची पाने गाळून टाक, वाचक तिथे कंटाळतो, आणि होडी हे नायिकेच्या एकटेपणाचे प्रतीक आहे एवढे ठसले म्हणजे काम झाले. तुझे आजोळ ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले, तुझे मामा अजून खाडीत जाळे टाकतात, आणि तू मला विचारतेस, "काका, खरेच गाळू का?"

गाळू नकोस. मात्र ती पाने आज जशी आहेत तशी ठेवण्याच्याही योग्यतेची नाहीत, हेही ऐकून घे. तू होडीचा रंग सांगितलास, नाळेवरचा झेंडूचा हार सांगितलास, नारळी पौर्णिमेची पूजा सांगितलीस. ही होडी किती ओझे घेते, किती पाण्यात चालते, कुठल्या वाऱ्याला हतबल होते, यातले एक अक्षरही लिहिले नाहीस. मी आयुष्यभर जहाजांच्या कादंबऱ्या वाचत आलो आणि त्या वाचनातून माझ्या हाती एकच प्रश्न उरला आहे. तो मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कंटाळलीस तरी विचारणार आहे: तुझ्या बोटीला काय जमत नाही?

कॉनराडची 'लॉर्ड जिम' ही १९०० सालची कादंबरी घे. आठशे यात्रेकरूंना घेऊन 'पाटणा' नावाची जुनाट आगबोट निघते. रात्री पाण्याखालच्या कशाला तरी ती धडकते, पुढच्या कप्प्यात पाणी भरते, आणि तरुण अधिकारी जिम कंदील घेऊन खाली उतरतो. दोन कप्प्यांमधली गंजलेली लोखंडी भिंत पाण्याच्या दाबाने फुगलेली त्याला दिसते. तो पाहत असतानाच त्या पत्र्यावरून तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा आपोआप सुटून पडतो. वर डेकवर आठशे माणसे झोपलेली आहेत आणि जीवरक्षक होड्या सात आहेत. कादंबरीतला पुढचा सगळा नैतिक पेच, यात्रेकरूंना बोटीवर सोडून जिमने मारलेली ती उडी, त्यानंतरची त्याची जन्मभराची पळापळ, हे सारे त्या पापुद्र्यातून आणि सात या आकड्यातून निघाले आहे. कॉनराडला हे शाईच्या दौतीत सापडले नव्हते. 'जेद्दा' नावाच्या खऱ्या आगबोटीवरचे अधिकारी १८८० साली यात्रेकरूंना तसेच टाकून निघून गेले होते आणि ती बोट पुढे सुखरूप एडनला पोहोचली होती. शिवाय कॉनराड स्वतः कप्तानकीची परीक्षा उत्तीर्ण झालेला दर्यावर्दी होता. १८८४ साली आपल्या मुंबई बंदरातच तो 'नार्सिसस' या शिडाच्या जहाजावर चढला, आणि त्या जहाजावरची त्याची कादंबरीही मुंबई बंदरातूनच सुरू होते. त्याला भिंतीची जाडी ठाऊक होती, म्हणून जिमची भीती लिहिता आली. तुझ्या मार्गदर्शकांच्या हाती ते हस्तलिखित पडते तर त्यांनी पापुद्रा गाळून भीती तेवढी ठेवायला सांगितले असते.

मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये (१८५१) साठावे प्रकरण दोराचे आहे. बहुतेक वाचक ते उडवतात, आणि ते उडवणाऱ्या वाचकांशी माझे कधी जमले नाही. देवमाशाला लावायच्या भाल्याचा दोर होडीच्या मागच्या बाजूला एका पिंपात वेटोळे करून ठेवलेला असतो. तिथून तो मागच्या खुंट्याला वळसा घालून, प्रत्येक वल्हेकऱ्याच्या वल्ह्यावरून, होडीच्या लांबीभर पुढे जातो. भाला लागला आणि मासा पळाला की तो दोर सुसाट सुटतो, आणि होडीत बसलेला प्रत्येक माणूस त्या वेटोळ्यांच्या मध्येच असतो. त्या होडीला जमत नाही ते एवढेच: दोरापासून माणसाला लांब ठेवणे तिला जमत नाही. पुढे पंचाहत्तर प्रकरणे उलटतात. शेवटी कप्तान एहॅब भाला फेकतो, दोर अडकतो, तो वाकून दोर मोकळा करतो, आणि सुटलेला वेढा त्याच्या गळ्याभोवती पडून त्याला होडीबाहेर ओढून नेतो. त्याला एक शब्दही उच्चारता येत नाही. साठावे प्रकरण गाळलेल्या वाचकाला हा मृत्यू निव्वळ अपघात वाटतो. ज्याने ते वाचले, तो त्या दोराला भिऊनच पुढची सगळी पाने वाचत आलेला असतो.

'एका कोळियाने' या नावाने पु. लं.नी मराठीत आणलेला हेमिंग्वेचा म्हातारा तुला माहीत आहेच. मासा अठरा फुटांचा, होडीपेक्षा दोन फूट लांब. तो होडीत घेता येत नाही, म्हणून बाहेरून बांधावा लागतो. बाहेर बांधला म्हणून रक्त पाण्यात सांडते, रक्ताच्या वासावर शार्क येतात आणि म्हाताऱ्याच्या हाती सांगाडा उरतो. लोक या पुस्तकात माणसाची जिद्द, पराभव, नियती पाहतात. जरूर पाहावी. पण ते दोन फूट काढून टाकले तर म्हातारा मासा होडीत घालून घरी येईल आणि कादंबरी तिथेच संपेल.

रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट तर तू शाळेत वाचली असशील. तो सव्वीस माणसे मावतील एवढी होडी एका प्रचंड झाडातून महिनोन्महिने खपून कोरतो, आणि मग ती पाण्यापर्यंत शंभर यार्डही नेता येत नाही. कालवा खणायचा तर दहा-बारा वर्षे लागतील असा हिशेब तो मांडतो आणि नाद सोडतो. एकट्या माणसाचे एकटेपण सांगायला डीफोला याहून अधिक शब्द लागले नाहीत. व्हर्नच्या 'नॉटिलस' या पाणबुडीला वीज तयार करता येते, श्वासाची हवा मात्र पाण्यावर येऊनच भरून घ्यावी लागते. म्हणून दक्षिण ध्रुवाजवळ ती बर्फाखाली अडकते तेव्हा आपणही गुदमरतो. त्याच व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायला निघालेल्या फॉगला 'हेन्रिएटा' या बोटीवर कोळसा कमी पडतो, पण तिचा सांगाडा लोखंडाचा आणि वरचा भाग लाकडाचा असतो, म्हणून तो बोट विकत घेऊन तिचाच लाकडी भाग जाळत आयर्लंड गाठतो. (मुंबईहून निघालेली फॉगची आगगाडी आपल्या ठाण्याजवळच खाडी ओलांडते. पहिल्यांदा वाचताना ते नाव पाहून मला काय वाटले होते ते तुला सांगायला नको.)

तू म्हणशील, काका, हे सगळे परदेशी आणि सगळे यंत्रातंत्राचे. मग विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' उघड. १९३९ सालची आपली कादंबरी, युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडणारी. तिच्यात इंजिनाविषयी तुला फारसे काही सापडणार नाही. पण त्या बोटीलाही एक गोष्ट जमत नाही: तिला थांबता येत नाही. ती ठरल्या दिवशी मुंबईला लागणार, नायक चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावे लागणार. दोघांच्या प्रेमाला जी धार आहे ती त्या बोटीच्या वेळापत्रकाने आणली आहे. म्हणजे मी तुझ्याकडे डोलकाठी आणि सुकाणूच्या शब्दांची यादी मागत नाही. तसल्या याद्यांनी भरलेल्या कादंबऱ्याही मी खूप वाचल्या आहेत, आणि त्या मेलेल्या आहेत. मी फक्त विचारतो आहे, तुझ्या बोटीला काय जमत नाही?

आता तुझे तिसरे प्रकरण. मध्यरात्री, तुझ्याच शब्दांत "ओहोटीने खाडी उघडी पडलेली" असताना, नायिका आजारी बापाला होडीत घालून दिव्याहून निघते आणि पहाटेच्या आत पलीकडे पोहोचते. कशी पोहोचते? तू स्वतः तो किनारा लहानपणापासून पाहिला आहेस. मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते, आणि त्याच उधाणाची ओहोटी लागली की वरच्या खाडीत दोन्ही काठांना मैदानासारखा चिखल उरतो. तुझ्या मामांची होडी त्या चिखलात एका कुशीवर कललेली तू पाहिली नाहीस का? दोर सैल पडलेला, पंखा उघडा, आणि मालक बांधावर बसून पाण्याची वाट पाहणारा? पाणी परत यायला सहा तास लागतात. त्या सहा तासांत बाप कण्हतो आहे, होडी समोर आहे, इंजिनात तेल आहे, मुलीच्या अंगात बळ आहे, आणि तरीही निघता येत नाही. अग, तुझी कादंबरी तिथे आहे! तू ती एका वाक्यात ओलांडून गेलीस आणि मग नायिकेचा एकटेपणा सांगायला चार पाने खर्च केलीस. शिवाय पहिल्या प्रकरणात जिच्यात दोन माणसे जेमतेम बसतात, त्याच होडीत चौथ्या प्रकरणात वरातीची सात माणसे बसली आहेत. हे वाचून मला राग आला, हे लपवत नाही. राग एवढ्यासाठी की तुझ्या वाक्यांना लय आहे, तुझे संवाद खरे आहेत, आणि ज्या ठिकाणी तुला सर्वांत जास्त माहिती आहे तिथेच तू हात आखडला आहेस.

माझ्या हट्टाविषयी तू कुणाकडून तरी ऐकले आहेस असे पत्रातून दिसते, म्हणून तेही सांगतो. खाडीतून रेती वाहणाऱ्या पडावांवर मी एक कादंबरी लिहिली. प्रकाशकाने पडाव भरण्याचे प्रकरण काढायला सांगितले. त्या प्रकरणात रेतीचा भार वाढत जातो तसतसे पाणी काठाच्या किती बोटे खाली राहते ते तांडेल, म्हणजे पडावाचा प्रमुख, हाताने मोजतो, आणि मालक आणखी एक खेप टाकायला लावतो. शेवटी पडाव बुडतो तो त्या बोटभर अंतरामुळे. ते प्रकरण काढले असते तर पडाव कशाने बुडाला असता? लेखकाच्या मर्जीने? मी नकार दिला आणि कादंबरी छापली गेली नाही. मित्र म्हणाले, एका प्रकरणासाठी पुस्तक घालवलेस. मी तसे मानत नाही, आजही मानत नाही, आणि उद्या कुणी पुन्हा विचारले तरी माझे उत्तर बदलणार नाही. खंत आहे ती वेगळी. चेंदणी कोळीवाड्यातल्या ज्या वृद्ध तांडेलाने मला ते मोजणे आपल्या बोटांनी दाखवले, त्याला ते छापलेले पाहता आले नाही. आणि आता रेतीचे ते शिडाचे पडावही नाहीत, म्हणजे ज्याने पाहिले नाही त्याला ते दाखवायचे तर माझ्या कपाटातल्या त्या वहीशिवाय माझ्याकडे काही नाही. तुझ्यापाशी तुझे मामा आहेत. तुझी खाडी अजून वाहते आहे. मी तुझ्यावर इतका का चिडतो ते आता तुला कळले असेल.

प्रतीकाविषयी एवढेच सांगतो की त्याची काळजी तू करू नकोस. अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज'मधले (२००८) 'आयबिस' हे गुलाम वाहण्यासाठी वापरलेले जहाज. त्याच्याच पोटात पुढे गिरमिटिये, म्हणजे करारावर परदेशी नेलेले मजूर, भरले जातात. त्याचा अर्थ वाचकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही, कारण ती कोंदट जागा आधी खरी झालेली असते. तुझी होडी चिखलात खरी रुतू दे. एकटेपण वाचकाला आपोआप दिसेल.

या रविवारी दिव्याला जा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून ठेव आणि पाणी उतरताना जेट्टीवर पोहोच, चढताना नको. मामांना विचार: ही होडी किती पाण्यात तरंगते, किती माणसे घेतल्यावर तुम्ही नको म्हणता, इंजिन बंद पडले तर वल्ह्यांवर कुठवर नेता येते, आणि कोणत्या दिवशी तुम्ही ती बाहेरच काढत नाही. शेवटच्या प्रश्नावर ते थोडे थांबतील. तू मध्ये बोलू नकोस, त्यांना सांगू दे. मग तिसरे प्रकरण नव्याने लिही, फक्त तिसरे, आणि मला पाठव. चौथे इतक्यात नको. त्यातली वरातीची सात माणसे कुठे बसवायची ते मामांशी बोलल्यावर ठरवू.

तुझा,
काका

ता. क. 'मोबी डिक'ची माझी प्रत तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. पानांच्या कडांना पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस.